स्त्रियांमधील मूत्र असंयम आणि इस्ट्रोजेन

मूत्र असंयम म्हणजे इच्छेविरुद्ध लघवी गळणे. खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी गळल्यास त्यास ताणजन्य असंयम म्हणतात. लघवीची अनावर घाई होऊन ती गळल्यास त्यास त्वराजन्य असंयम म्हणतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या संयोजी ऊतकांवर परिणाम करते. मात्र तोंडावाटे इस्ट्रोजेन दिल्याने हा विकार बरा होत नाही. उलट तो बळावू शकतो.

रचना

मूत्रमार्ग हा योनिमार्गाची पुढील भिंत, स्नायू व संयोजी ऊतक यांच्या झोळीसारख्या आधारावर टेकलेला असतो. पोटातील दाब वाढला की तो या आधारावर दाबला जाऊन बंद राहतो. ही कल्पना जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये मांडली. या ऊतकाची बळकटी मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेन तंतूंवर आणि लवचिकता इलॅस्टिनवर अवलंबून असते. आधार सैल पडल्यास मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही.

इस्ट्रोजेनचे कार्य

मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळाकडील त्रिकोणी भाग, योनिमार्ग व श्रोणितल येथे इस्ट्रोजेनचे ग्राही आढळतात. संयोजी ऊतकातील तंतुजनक पेशी कोलॅजेन तयार करतात, तर काही विकरे जुने कोलॅजेन तोडतात. इस्ट्रोजेन या दोन्ही क्रियांवर प्रभाव टाकते. रजोनिवृत्तीनंतर त्याची पातळी घटल्यावर योनिमार्गाचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते आणि तेथील रक्तपुरवठा कमी होतो. प्रसूतीच्या वेळी झालेली इजा, वय व स्थूलता हीदेखील असंयमाची महत्त्वाची कारणे आहेत.

संप्रेरक उपचार

अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचे असंयमाविषयीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी त्रास नसलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनच्या गोळ्यांमुळे ताणजन्य असंयमाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला होता. कोलॅजेनची मोडतोड वाढणे हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. याउलट, योनिमार्गात वापरायच्या अल्पमात्रेच्या मलमाने किंवा गोळीने रजोनिवृत्त स्त्रियांची त्वराजन्य लक्षणे काही प्रमाणात कमी होऊ शकतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

गळीत हंगामात बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी मजूर सोलापूरसह पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात स्थलांतर करतात. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले होते. गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोश काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते व इस्ट्रोजेनची पातळी एकदम घटते. केवळ गर्भाशय काढल्यास तसे होत नाही. परंतु त्या शस्त्रक्रियेनेही श्रोणितलाचा आधार दुबळा होऊ शकतो. त्यानंतर उसाच्या जड मोळ्या वाहताना हाच आधार पुन्हा ताणला जातो.

उपचार

ताणजन्य असंयमात श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम हा पहिला उपचार मानला जातो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते प्रचारात आणले. वजन आटोक्यात ठेवणे, आधार देणारी पेसरी व शस्त्रक्रिया हे अन्य पर्याय आहेत. असंयम वाढत्या वयात अधिक आढळत असला, तरी तो वार्धक्याचा अटळ भाग नसून उपचारसाध्य विकार आहे.