साचा तोच, रंग वेगळा

2013 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत भरलेल्या कॉमिक-कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनात फंको या अमेरिकन खेळणी कंपनीने डंबो हत्तीची एक बाहुली विकायला ठेवली होती. उंची जेमतेम चार इंच, अंगापेक्षा डोकं मोठं, लांबरुंद कान आणि चेहऱ्यावर सर्कशीतल्या जोकराचा रंग. अशा बाहुल्या होत्या फक्त 48. त्या वर्षी संमेलनाला आलेल्या लोकांची संख्या 1,30,000 च्या वर होती. म्हणजे दर 2,700 माणसांमागे एक डंबो! जे तिथे पोचूच शकले नाहीत, ते या हिशेबात धरलेलेही नाहीत.

मला यातलं खरं नवल वाटतं ते 49 व्या डंबोचं. तो बनवायला जवळजवळ काहीच खर्च आला नसता. तरीही तो बनला नाही, आणि तो बनला नाही म्हणूनच आधीच्या 48 डंबोंसाठी पुढे लोक हजारो डॉलर मोजायला तयार झाले.

49 वा इतका स्वस्त का, हे कळण्यासाठी कारखान्यात जायला हवं. प्लास्टिकचं खेळणं बहुधा पोलादी साच्यातून निघतं. साच्याचे दोन भाग घट्ट मिटतात, वितळलेलं प्लास्टिक प्रचंड दाबाने आतल्या पोकळीत शिरतं, पोलादातून खेळवलेलं पाणी ते गार करतं, साचा उघडतो आणि तयार हात, पाय, डोकं बाहेर पडतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. साचा घडवायला मात्र आठवडेच्या आठवडे जातात आणि लाखो रुपये लागतात. पोलादात केलेली चूक सहजी दुरुस्त होत नाही. म्हणून पहिला नग अतोनात महाग असतो आणि त्याच्या मागून येणारा प्रत्येक नग अगदीच स्वस्त.

रंगकाम तर पाहत राहावं असं असतं. बाहुलीचे डोळे सहसा हाताने काढत नाहीत. एका सपाट पट्टीवर डोळ्याची आकृती केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीची कोरलेली असते. पट्टीवर शाई पसरतात, वरची पुसून घेतात, खळग्यातली तेवढी राहते. मग सिलिकॉनचा एक मऊ गोळा खाली येतो, ती शाई स्वतःवर उचलून घेतो आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर टेकतो. गोळा मऊ असल्यामुळे चेहऱ्याच्या वळणाबरोबर तोही दबतो, आणि सपाट पट्टीवरचा डोळा गोल चेहऱ्यावर जराही न फाटता उमटतो. पांढऱ्यासाठी एकदा, काळ्यासाठी एकदा, बुबुळातल्या चमकेच्या ठिपक्यासाठी आणखी एकदा. एखादं खेळणं ‘वेगळं’ करायचं असेल तर पोलादाला हातही लावावा लागत नाही. पट्टी बदलली, शाई बदलली, की झालं.

2011 साली फंकोने याच संमेलनासाठी ‘स्टार वॉर्स’मधला केसाळ च्युबाका स्पर्शालाही केसाळ केला. असं काम करताना अंगाला गोंद लावतात आणि बारीक तंतूंना विजेचा भार देऊन ते त्यावर सोडतात. विद्युतक्षेत्रामुळे तंतू आडवे पडत नाहीत, एकेक करून उभेच्या उभे गोंदात रुततात आणि प्लास्टिकला मखमल येते. असे च्युबाका 480 होते. साधा च्युबाका दुकानात कुणालाही मिळत होता. मखमली हवा असेल तर जुलैत सॅन डिएगोला जाणं भाग होतं.

संमेलनापुरती खास वस्तू काढायची ही प्रथा आली कुठून? 1970 च्या ऑगस्टमध्ये सॅन डिएगोतल्या एका हॉटेलच्या जागेत हे संमेलन पहिल्यांदा तीन दिवस भरलं, तेव्हा सुमारे 300 माणसं आली होती. 1994 साली इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या यंत्रमानव-खेळण्यांच्या चाहत्यांनी बॉटकॉन नावाचा मेळावा सुरू केला, त्यात ब्रेकडाउन या मोटारीची खास आवृत्ती होती. मूठभर माणसं पदरमोड करून, लांबून एकत्र यायची. जत्रेतून परतताना घरी काहीतरी न्यावं, तशी ही वस्तू होती. त्यात कुणावर अन्याय नव्हता. 300 माणसांच्या मेळाव्यात 300 वस्तू पुरतात. अडचण आली ती मेळावा लाखावर गेला आणि वस्तू शेकड्यांतच राहिल्या तेव्हा.

आता सॅन डिएगोत बुधवारच्या संध्याकाळी दारं उघडतात आणि रविवारी मिटतात. प्रवेशाचा पासच मुळात नशिबाने मिळतो. पास मिळाला की स्टॉलची रांग, आणि मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर रांगेत उभं राहण्यासाठीही आधी चिठ्ठी किंवा लॉटरी. संग्राहकांची सगळ्यात जुनी तक्रार अशी की स्टॉलवाल्यांचे पास असलेली माणसं दारं उघडण्याआधीच आत असतात, मग पहाटेपासून बाहेर ताटकळणाऱ्याने काय करायचं? त्याच्या हाती वस्तू येण्याआधी तीच वस्तू ईबेवर कित्येक पट भावाने झळकते. त्याचा संताप मला पूर्णपणे पटतो. तो किमतीवर चिडलेला नसतो. ज्याला त्या पात्राचं नावही माहीत नाही, त्याच्या हातात ती वस्तू गेली, हे त्याला लागतं.

मग कंपनीच किंमत का वाढवत नाही? वीस डॉलरची बाहुली दोनशेला विकली तर रांग आपोआप आटेल. याचं उत्तर 1986 सालच्या एका अभ्यासात सापडतं. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना विचारलं होतं: बर्फाच्या वादळानंतर दुकानदाराने बर्फ उपसायच्या फावड्याचा भाव 15 डॉलरवरून 20 वर नेला, तर ते योग्य की अयोग्य? 82 टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. टंचाईत भाव वाढवणारा माणसाला आपला वाटत नाही. म्हणून कंपनी भाव कमी ठेवते, आणि उरलेली किंमत गिऱ्हाईक डॉलरऐवजी झोप, रजा आणि विमानाचं तिकीट यांत मोजतं. भावातला फरक मधला विक्रेता खिशात घालतो, वाईटपणाही त्याच्याच वाट्याला जातो, आणि कंपनीचं नाव शाबूत राहतं.

पण मोजकी वस्तू एवढी हवीशी का वाटते? त्याचं उत्तर स्टीफन वर्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1975 सालच्या एका प्रयोगात आहे. काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतलं एक बिस्किट दिलं, काहींना दोनच असलेल्या बरणीतलं. बिस्किटं एकाच जातीची, तरी दोनच्या बरणीतलं जास्त हवंसं वाटलं. डोळ्यांदेखत दहाची बरणी नेऊन दोनची आणली, तेव्हा तर आणखीच. संग्राहकाच्या बाबतीत यात भर पडते ती संचाची. त्याच्या फळीवर सुट्ट्या वस्तू नसतात, एक जुळत आलेली गोष्ट असते. ब्रेकडाउनचंच घ्या. तो पाच मोटारींपैकी एक, आणि पाचही जोडल्या की मेनासोर नावाचा राक्षस उभा राहतो. चार मोटारींचा राक्षस होत नाही.

म्हणून मला यात एक रेघ ओढावीशी वाटते. नेहमीच्याच बाहुलीला सोनेरी मुलामा दिला, मखमल चढवली, आणि ती फक्त जत्रेत विकली, तर खुशाल विकावी. ज्याला नाही मिळाली त्याच्या संचाला भोक पडत नाही, साधी आवृत्ती त्याच्याजवळ असतेच. पण एखादं पात्रच फक्त तिथे देणं मला चूक वाटतं. 2008 साली मॅटेल या खेळणी कंपनीने हीमॅन हा नायक असलेल्या ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’च्या संग्राहकांसाठी नवी मालिका काढली आणि तिची पहिली बाहुली, हीमॅनचा पूर्वज किंग ग्रेस्कल, सॅन डिएगोची खास वस्तू म्हणून आणली. हीमॅन स्वतः त्यानंतर आला. मालिका सुरू होत होती, आणि घरी बसलेल्या चाहत्यांसाठी ती पहिल्याच पायरीवर अडली.

दुर्मीळपण मुद्दाम न ठरवताही येतं, आणि त्याचं एक सुंदर उदाहरण आपल्या शेजारचं आहे. हॅस्ब्रो ही अमेरिकन खेळणी कंपनी आणि टायर बनवणारी एमआरएफ यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल ही खेळणी कंपनी सुरू झाली. तिचा एक कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोच्या जी.आय. जो या शिपाई-बाहुल्यांच्या मालिकेचे अमेरिकेत वापरून झालेले साचे भारतात आले आणि त्यांतून इथल्या मुलांसाठी शिपाई निघू लागले. साचे तेच, पण रंग इथले. अमेरिकेत कधी न दिसलेल्या रंगांतले हे शिपाई पुढे परदेशातल्या संग्राहकांनी हुडकून हुडकून मिळवले. कुणी रांग लावली नव्हती, आकडा जाहीर केला नव्हता. त्या शिपायांना मातीत खेळवणाऱ्या मुलांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अलीकडे फरक रंगावरूनही खाली घसरला आहे. फंको संमेलनासाठी काढलेली बाहुली त्याच आठवड्यात मोठ्या दुकानांतूनही देते. बाहुली तीच, रंग तोच, खोकं तेच. वेगळा असतो तो खोक्यावरचा गोल स्टिकर: संमेलनातल्यावर सॅन डिएगोचं नाव, दुकानातल्यावर नुसतं उन्हाळी संमेलन. एवढ्यावर भाव बदलतो, आणि नकली स्टिकर ओळखायला संग्राहक भिंग घेऊन बसतात. प्लास्टिक, पोलाद, शाई सगळं तेच, आणि जास्तीचे पैसे मोजायचे ते ही वस्तू कुठल्या दारातून बाहेर आली याच्या पुराव्यासाठी. मला हे थक्क करतं.

उलट्या बाजूने जाता येतं, हे हॅस्ब्रोने दाखवलं. 2018 साली त्यांनी ‘स्टार वॉर्स’मधल्या जब्बाची चार फूट लांब नौका काढायचं ठरवलं, पण आकडा आधी छापला नाही. 500 डॉलर आगाऊ भरा, निदान 5,000 जण जमले तर बनवू, असं सांगितलं. 8,810 जणांनी पैसे भरले. मग तेवढ्या मागणीप्रमाणे नौका बनवल्या आणि पोचत्या केल्या.