फिगो, फ्रँको आणि फुटीर आमदार : ट्रान्स्फरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्या क्लबाने मोठा खेळाडू आणला की ती दूरदृष्टी, प्रतिस्पर्ध्याने आणला की पैशाची मस्ती. आपल्या पक्षात कोणी आले की तो जाहीर प्रवेश, आपल्यातून कोणी गेले की ती गद्दारी. फुटबॉलचा बाजार आणि पक्षीय राजकारण या दोन्हींवरची मते अशी बाजू बघून ठरतात. त्यामुळे त्यांच्याविषयीचे गैरसमजही चिवट असतात. करार, कायदा आणि इतिहास तपासला की त्यांतले बरेच गळून पडतात. शिवाय हे दोन विषय वाटतात त्यापेक्षा एकमेकांत जास्त गुंतलेले आहेत.

गैरसमज : ट्रान्स्फरची रक्कम खेळाडूच्या खिशात जाते

ऑगस्ट 2017 मध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिस सेंट जर्मेनला गेला. रक्कम होती 22 कोटी 20 लाख युरो. अनेकांनी तो आकडा त्याची कमाई समजून वाचला.

वस्तुस्थिती अशी की ट्रान्स्फर फी म्हणजे चालू करार मुदतीआधी सोडवण्याची भरपाई, आणि ती जुन्या क्लबाला मिळते. खेळाडूचा पगार नव्या करारात वेगळा ठरतो. स्पेनमध्ये 1985 च्या एका शाही आदेशामुळे खेळाडूला भरपाई देऊन करार मोडता येतो, म्हणून तिथल्या करारांत सुटकेची रक्कम लिहिलेली असते. कागदोपत्री ती खेळाडूच्या वतीने भरली जाते. नेमारचे वकील रक्कम घेऊन आधी ला लीगाच्या कार्यालयात गेले. तिथे नकार मिळाल्यावर ती थेट बार्सिलोनाकडे जमा झाली. खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात जातो तेव्हा फीतले 5 टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, त्यामुळे ब्राझीलच्या सांतोसलाही वाटा मिळाला.

या व्यवहाराचा राजकीय अर्थही लगेच लावला गेला. पॅरिसचा क्लब 2011 पासून कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे आहे, आणि जून 2017 मध्ये सौदी अरेबिया व त्याच्या मित्रदेशांनी कतारची नाकेबंदी केली होती. हा करार म्हणजे कतारने जगाला दिलेले उत्तर आहे, असे म्हटले गेले. खरेदीमागे तसा हेतू असूही शकतो. मात्र 22 कोटी 20 लाखांचा आकडा नाकेबंदीतून आलेला नव्हता. तो नेमारने 2016 मध्ये बार्सिलोनाशी केलेल्या करारातच लिहिलेला होता.

गैरसमज : बॉसमन निकालानंतर खेळाडू वाटेल तेव्हा निघून जाऊ शकतो

बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनचा लिएज क्लबाशी असलेला करार 1990 मध्ये संपला. फ्रान्समधल्या डंकर्कला तो हवा होता, पण करार संपल्यावरही त्याच्यासाठी फी मागितली जात होती. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले, की करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघात फी मागता येणार नाही. संघातल्या इतर देशांच्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही उठली.

करार चालू असताना निघून जाण्याची मुभा या निकालाने दिली नव्हती. उलट क्लबांनी करार लांबवले आणि शेवटच्या वर्षाआधीच खेळाडू विकायला सुरुवात केली. फी संपली नाही, वाढली. 1996 मध्ये अॅलन शिअररसाठी न्यूकॅसलने दीड कोटी पौंड मोजले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. उलट ऑगस्ट 2021 मध्ये लिओनेल मेस्सी गेला तेव्हा बार्सिलोनाला एक युरोही मिळाला नाही. त्याचा करार 30 जून रोजी संपला होता, आणि ला लीगाच्या पगारमर्यादेत नवा करार बसवणे क्लबाला जमले नव्हते.

नियम अजूनही बदलत आहेत. फुटबॉलपटू लसाना दियाराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी, करार मोडणाऱ्या खेळाडूवर आणि त्याला घेणाऱ्या क्लबावर फिफाने लादलेल्या काही अटी युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवल्या.

गैरसमज : दि स्तेफानोला फ्रँकोने हिसकावून माद्रिदला दिले

स्पेनच्या फुटबॉलमधला हा सर्वात जुना राजकीय वाद आहे. बार्सिलोनाच्या बाजूने सांगितली जाणारी गोष्ट सोपी आहे : आल्फ्रेदो दि स्तेफानो बार्सिलोनाचा होणार होता, पण स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने तो आपल्या आवडत्या क्लबाला देऊन टाकला.

मूळ गुंता अर्जेंटिना आणि कोलंबियातला आहे. दि स्तेफानो ब्यूनोस आयर्सच्या रिव्हर प्लेटचा खेळाडू. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या संपानंतर 1949 मध्ये तो कोलंबियाच्या मिलोनारिओस क्लबात गेला. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती आणि जुन्या क्लबांना फी न देता खेळाडू घेत होती. 1951 च्या लिमा समझोत्याने ठरले, की असे खेळाडू 1954 पर्यंत कोलंबियात राहतील आणि मग मूळ क्लबांकडे परततील. म्हणजे 1953 मध्ये एकाच माणसावर दोन क्लबांचा हक्क होता. बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी व्यवहार केला, माद्रिदने मिलोनारिओसशी. दोघांकडे अर्धाच हक्क होता.

मग स्पेनच्या फुटबॉल महासंघाने तोडगा काढला, की चार मोसमांत त्याने आलटून पालटून दोन्ही क्लबांकडून खेळावे. बार्सिलोनात संतापाचा भडका उडाला, अध्यक्ष एन्रिक मार्ती कारेतो यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यानंतरच्या हंगामी मंडळाने आपला वाटा सोडून दिला. ऑक्टोबर 1953 मध्ये माद्रिदने बार्सिलोनाला 5-0 असे हरवले, आणि गोल करणाऱ्यांत दि स्तेफानो होता.

राजवटीचा दबाव होता का? देशातला क्रीडाविभाग जनरल मोस्कार्दोंच्या हातात होता आणि महासंघ त्याच्या कक्षेबाहेर नव्हता. त्यामुळे बार्सिलोनाच्या चाहत्यांचा संशय निराधार म्हणता येत नाही. पण फ्रँकोच्या थेट हुकमाचा कागद पुढे आलेला नाही, आणि मिलोनारिओसला बाजूला ठेवून व्यवहार उरकण्याची बार्सिलोनाची चूक खरीच होती. आणखी एक गोष्ट ताडून पाहावी अशी आहे. माद्रिदची 1953 पूर्वीची दोन्ही लीग विजेतेपदे फ्रँकोआधीच्या प्रजासत्ताकाच्या काळातली, 1932 आणि 1933 ची. फ्रँकोच्या पहिल्या चौदा वर्षांत माद्रिदने एकही लीग जिंकली नाही. त्याच काळात बार्सिलोनाने पाच जिंकल्या, तर 1940 आणि 1941 ची विजेतेपदे हवाई दलाशी जोडलेल्या अॅटलेटिको अव्हिआसिओनने मिळवली. 1956 ते 1960 सलग पाच युरोपियन कप जिंकणारा माद्रिद दि स्तेफानो आल्यानंतर घडला. राजवटीने त्या यशाचा परदेशात स्वतःच्या प्रतिमेसाठी वापर केला, हे मात्र खरे.

गैरसमज : फिगोची बदली म्हणजे फक्त एका खेळाडूचा लोभ

रिआल माद्रिद आणि बार्सिलोना हे सभासदांच्या मालकीचे क्लब आहेत. त्यांचे अध्यक्ष मतदानाने निवडले जातात, त्यामुळे तिथे खेळाडूंची खरेदी हा प्रचाराचा मुद्दा असतो. जुलै 2000 मध्ये माद्रिदचे अध्यक्ष लोरेन्सो सान्झ यांच्याकडे दोन ताज्या चॅम्पियन्स लीग होत्या, 1998 ची आणि दोन महिन्यांपूर्वीची. त्यांच्यासमोर उभे राहिले बांधकाम उद्योजक फ्लोरेंतिनो पेरेझ. पेरेझ पूर्वी माद्रिद महापालिकेत नगरसेवक होते, आणि 1986 च्या निवडणुकीत साफ आपटलेल्या एका सुधारणावादी पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांचे आश्वासन एकच होते : मी निवडून आलो तर बार्सिलोनाचा लुईस फिगो इथे खेळेल, नाहीतर सभासदांची वर्गणी मी भरेन.

फिगोच्या एजंटने पेरेझ यांच्याशी आधीच करार केला होता, आणि तो मोडल्यास मोठा दंड होता. पेरेझ जिंकतील असे फारशा कोणाला वाटत नव्हते. ते जिंकले, सुमारे 6 कोटी युरोची सुटकेची रक्कम भरली गेली आणि फिगो माद्रिदचा झाला. त्याचा स्वतःचा निर्णय त्यात होताच. पण एका निवडणुकीचे गणित, एका एजंटची सही आणि करारातले एक कलम यांच्याशिवाय हा व्यवहार घडला नसता. नोव्हेंबर 2002 मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर कॉर्नर घेणाऱ्या फिगोच्या दिशेने डुकराचे मुंडके भिरकावले गेले. सगळा राग एकट्या खेळाडूच्या वाट्याला आला.

हे तंत्र बार्सिलोनालाही वर्ज्य नव्हते. 2003 च्या निवडणुकीत जोआन लापोर्तांनी डेव्हिड बेकहॅमसाठी मँचेस्टर युनायटेडशी बोलणी झाल्याचे जाहीर केले. ते निवडून आले, बेकहॅम माद्रिदला गेला आणि बार्सिलोनाला मिळाला रोनाल्डिन्यो. लापोर्ता पुढे 2010 मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षातर्फे कॅटलान संसदेतही निवडून गेले.

गैरसमज : मालक एखादे राष्ट्र असेल तर खर्चाला मर्यादा नसते

ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेडचा 80 टक्के हिस्सा घेतला. आता काहीही विकत घेतील, असे सगळीकडे म्हटले गेले. पण प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार क्लबाला तीन वर्षांत जास्तीत जास्त 10 कोटी 50 लाख पौंडांचा तोटा दाखवता येत असे. जून 2024 च्या अखेरीस, हिशेबाचे वर्ष बंद होण्याआधी, न्यूकॅसलला एलियट अँडरसन आणि यांकुबा मिंते हे दोन तरुण खेळाडू विकावे लागले. एव्हर्टनने मर्यादा ओलांडली तेव्हा नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचे दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहा झाले.

श्रीमंत मालकाचा फायदा खराच आहे. प्रायोजकांचे करार, मैदान आणि अकादमीवरचा खर्च यांत तो दिसतो. मात्र ट्रान्स्फरच्या बाजारात त्यालाही हिशेब जुळवावा लागतो.

गैरसमज : ब्रेक्झिटने परदेशी खेळाडूंचा ओघ थांबवला

एका बाजूला वाटत होते, की आता इंग्लिश मुलांना जागा मिळेल. दुसऱ्या बाजूला भीती होती, की प्रीमियर लीग फिकी पडेल. जानेवारी 2021 पासून परदेशी खेळाडूसाठी गुणांवर आधारलेला परवाना आला. पण 2023 च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2.3 अब्ज पौंडांहून अधिक खर्च करून स्वतःचा विक्रम मोडला. इक्वेडोरचा मोइसेस कैसेदो नव्या नियमांतच फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रायटनला आला आणि 2023 मध्ये 10 कोटी पौंडांना चेल्सीला गेला.

खरा फटका बसला तो अठरा वर्षांखालील मुलांना. 2003 मध्ये सेस्क फाब्रेगास सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलला आला होता. तो रस्ता आता बंद आहे. आयर्लंडची मुले पिढ्यान्‌पिढ्या सोळाव्या वर्षी इंग्लंड गाठत. आता त्यांना अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, किंवा युरोपातल्या दुसऱ्या देशात जावे लागते.

गैरसमज : आमदाराचे पक्षांतर म्हणजे राजकारणातली ट्रान्स्फरच

ही तुलना गोव्यात सहज सुचते, कारण तिथे फुटबॉल आणि राजकारण एकाच घरात नांदले आहेत. मडगावच्या चर्चिल ब्रदर्स क्लबाने 2009 आणि 2013 मध्ये आय-लीग जिंकली. या क्लबाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते चर्चिल आलेमाव 1990 मध्ये थोडे दिवस मुख्यमंत्री होते. 2017 मध्ये ते राष्ट्रवादीचे राज्यातले एकमेव आमदार म्हणून निवडून आले आणि डिसेंबर 2021 मध्ये तृणमूलमध्ये गेले. एकटेच असल्यामुळे दोन तृतीयांशांची अट त्यांच्या एका सहीने पूर्ण होत होती.

ही अट राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातली. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, तेव्हा एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. 2003 च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ते काढले. उरले ते दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा असलेले विलीनीकरण. जुलै 2019 मध्ये गोव्यात काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, क्रॉस आणि दर्गा या तिन्ही ठिकाणी नेऊन निष्ठेच्या शपथा दिल्या. सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ आमदार भाजपवासी झाले. राजस्थानात 2019 मध्ये बसपचे सहाही आमदार काँग्रेसमध्ये विलीन झाले होते, त्यामुळे हा दोष एका पक्षाचा नाही. महाराष्ट्रात 2022 आणि 2023 च्या बंडांत विलीनीकरणाऐवजी ‘मूळ पक्ष आम्हीच’ असा दावा झाला, आणि निवडणूक आयोगाने नाव व चिन्ह आधी एकनाथ शिंदे यांच्या, नंतर अजित पवार यांच्या गटाला दिले.

ट्रान्स्फरच्या कराराला सहसा जुना क्लब, नवा क्लब आणि खेळाडू अशा तिघांच्या सह्या लागतात आणि जुन्या क्लबाला भरपाई मिळते. आमदाराला पाठवणारा मतदार या व्यवहारात कुठेही सही करत नाही आणि त्याला काही परतही मिळत नाही. खेळाडूवर गद्दारीचा शिक्का मारताना आणि आमदाराला ‘शेवटी व्यवहार आहे’ म्हणून सोडून देताना हा फरक विसरला जातो. तो विसरणे मतदाराला महागात पडते.

गैरसमज : कट्टर समर्थकाची बाजू कधीच बदलत नाही

इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या क्लबाविषयी लिहायला लावले. मग वाटेत एक धावपटू पडून कळवळताना दिसेल अशी व्यवस्था केली. युनायटेडच्या जर्सीत तो असला तर मदत मिळे, लिव्हरपूलच्या जर्सीत असला तर बहुतेक जण पुढे निघून जात. दुसऱ्या खेपेला चाहत्यांना फुटबॉलप्रेमी म्हणून लिहायला सांगितले. या वेळी लिव्हरपूलच्या जर्सीतल्या माणसालाही मदतीचे हात पुढे आले. म्हणजे ‘आपला’ कोण याची सीमा हलू शकते.

आकड्यांवरचे वाद तर तपासून मिटवता येतात. युव्हेंटस आणि बोरुसिया डॉर्टमुंड हे शेअर बाजारात नोंदलेले क्लब असल्यामुळे मोठे व्यवहार त्यांना जाहीर करावे लागतात. इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयात कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे प्रत्येक उमेदवाराची मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित खटले सांगणारे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते, आणि एकाच नेत्याची दोन निवडणुकांमधली प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचता येतात.