लिहिता येते, पण वाचता येत नाही

लिहिणे आणि वाचणे या विद्या आपण जुळ्या बहिणी समजतो. एक शाबूत असता दुसरी नाहीशी होईल, ही कल्पनाही मनास शिवत नाही. परंतु पक्षाघाताच्या एका प्रकारात नेमके असेच घडते, आणि घरातील माणसांचा रोग्याविषयी मोठा गैरसमज होतो. म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधीत आहोत.

१८८७ साली पॅरिस येथील एका सुशिक्षित गृहस्थांस अकस्मात एकही शब्द वाचता येईना. बोलणे स्वच्छ, बुद्धी तल्लख, आकडे ओळखता येत. ते पत्र लिहीत, पण स्वतःच लिहिलेले पत्र त्यांस वाचता येत नसे. अक्षर बोटाने गिरविले, की मात्र ते ओळखत. १८९२ च्या जानेवारीत दुसरा झटका येऊन ते निवर्तले. डॉक्टर डेजेरिन यांनी त्यांचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा मागील भाग आणि दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या तंतूंचा मागील भाग पूर्वीच्या आघाताने निकामी झालेला आढळला. उजव्या अर्धाला अक्षरे दिसत होती, परंतु डाव्या अर्धातील भाषेच्या ठिकाणी ती पोहोचत नव्हती. कोठारात धान्य होते, पण तेथे जाणारी वाटच तुटली होती.

कॅनडाचे कादंबरीकार हॉवर्ड एंगेल यांच्यावरही २००१ साली हाच प्रसंग आला. सकाळचे वर्तमानपत्र त्यांस परक्या लिपीत छापल्यासारखे दिसले. लिहिणे मात्र शाबूत होते. पुढे जिभेने दातांमागे अक्षरे गिरवीत ते हळूहळू वाचू लागले, आणि २००५ साली त्यांची नवी कादंबरी प्रसिद्धही झाली.

आपल्या घरी काय होते? आजोबा जपमाळ तोंडपाठ म्हणतात, पण प्रार्थनापुस्तक हाती दिले की गप्प बसतात. कोणी म्हणतो, चष्मा बदला. कोणी म्हणतो, सोंग आहे. कोणी म्हणतो, बुद्धी गेली. यांपैकी काहीच खरे नसू शकेल. अशा माणसास हसू नये. अक्षर बोटाने गिरवू द्यावे, तज्ज्ञांकडून वाचनाचा सराव करवावा, आणि औषधांच्या बाटल्यांवर रंगाच्या खुणा कराव्यात.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एका बाजूचे दिसेनासे होणे किंवा वाचन एकाएकी थांबणे, यांपैकी काहीही घडल्यास वेळ टिपून ठेवून रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. घरगुती उपायांत ही वेळ दवडू नये.

आणि गेलेले वाचन पूर्णपणे परत आले नाही, तर? आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जणांस अक्षरओळख नव्हती. प्रभूचे वचन त्यांनी कानांनीच ऐकले आणि अंतःकरणात जतन केले. रविवारचे शुभवर्तमान आदल्या संध्याकाळी नातवंडाने आजोबांस वाचून दाखवावे. त्यांची तुटलेली वाट प्रेमाने अशी पुन्हा जोडता येते.