मिलचा अपवाद आणि वऱ्हाडचं वावर

उदारमतवादाचा आढावा घ्यायचा म्हटलं की आपल्याकडचा लेखक लंडनहून निघतो, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात थोडा थांबतो आणि पुण्यात मुक्काम ठोकतो. वऱ्हाड त्याच्या वाटेवर लागतच नाही. म्हणून हा लेख किन्हीराजाहून काढला आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, कारंजा रस्त्यावरचं हे गाव. इथून मालेगावला जाऊन पातूरमार्गे उत्तरेला उतरलं की अकोला, पश्चिमेला मेहकर-चिखलीवरून बुलढाणा आणि उलट दिशेनं कारंजा, बडनेरा करत अमरावती. या तिन्ही गावांनी एकोणिसाव्या शतकात विलायती विचार आपल्या पद्धतीनं हाताळला.

सुरुवात मात्र जमिनीपासून करू, कारण जॉन लॉकनंही तिथूनच केली. 1689 मध्ये आलेल्या त्याच्या राज्यकारभारावरच्या दुसऱ्या निबंधात मालमत्तेचं प्रकरण आहे. पडीत जमिनीत जो राबतो, तिच्यात आपले श्रम मिसळतो, जमीन त्याची होते. आणि ही मालमत्ता राखायला माणसं सरकार नेमतात. ते सरकार उलटलं, तर त्याला हटवण्याचा हक्क प्रजेला आहे. राजाचा अधिकार देवदत्त मानणाऱ्या काळात हे मोठंच धाडस. पण हाच लॉक कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे गुंतलेले होते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची शिकारीची रानं त्याच्या हिशेबात 'पडीत'च ठरली.

आपल्या भागात नावापुढं 'इजारा' लावणारी गावं आहेत, यवतमाळकडं तर पुष्कळच. इंग्रजांनी 1865 च्या नियमांनी ओसाड गावं मुदतीच्या कराराने इजाऱ्यानं दिली: रान तोडा, कुळं वसवा, सारा भरा. नियम करणाऱ्यांनी लॉक वाचला होता की नाही, याला महत्त्व नाही. विचाराची चाल तीच होती. त्या रानात गुरं चारणाऱ्याचं किंवा मोहफुलं वेचणाऱ्याचं नाव कागदावर चढायचं कारणच नव्हतं.

जॉन स्टुअर्ट मिलचा तर वऱ्हाडशी संबंध याहून जवळचा. स्वातंत्र्यावरचा त्याचा निबंध 1859 चा. दुसऱ्याला इजा होत असेल तरच समाजानं माणसाच्या वागण्यात हात घालावा, एरवी नाही, हे त्याचं सूत्र. पण सुरुवातीच्याच पानांत तो एक अपवाद घालून ठेवतो: जे समाज अजून 'वयात आलेले' नाहीत त्यांना हे लागू नाही, त्यांच्यासाठी सुधारणेच्या हेतूनं चालवलेली हुकूमशाही रास्त आहे. हा अपवाद हवेतून आलेला नव्हता. 1823 पासून 1858 पर्यंत मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता आणि हिंदी संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार बरीच वर्षं त्याच्या टेबलावरून जात असे. 1853 च्या मे महिन्यात डलहौसीनं फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतला, तेव्हा मिल त्याच कचेरीत होता. तेव्हाचं बासीम म्हणजे आजचं वाशीम, त्यातच गेलं. इथल्या कास्तकाराला कोणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? तो वयात आलेला नव्हता ना!

मराठी माणसानं हे तत्त्वज्ञान उचललं आणि त्यातला अपवाद काढून टाकला, हे मला त्याचं खरं कर्तृत्व वाटतं. मिलचा निबंध यायच्या आधीच, 1848 ते 1850 या काळात, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधल्या पत्रांतून हिंदुस्थानाला पार्लमेंट हवं असं मांडत होते. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि त्यातली समता थेट महारवाड्या-मांगवाड्यापर्यंत नेली. 1873 चं 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. लॉकचे पैसे कुठं गुंतले होते ते आठवलं की या अर्पणपत्रिकेचं वजन कळतं.

आता अकोला. टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर हा गरीब मुलगा शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी असं हिंडत अकोल्याला पोचला आणि 1875 मध्ये तिथूनच मॅट्रिक झाला. तिथं त्याला विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. पुढं डेक्कन कॉलेजात एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणाऱ्या या विद्यार्थ्यानं मिल आणि स्पेन्सर पचवले. पगाराच्या मोठ्या नोकरीची आशा धरू नकोस, असं त्यानं आईला कळवलं होतं, आणि शब्द पाळला. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. 1882 मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढलेले. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

1891 च्या संमतिवयाच्या, म्हणजे कोवळ्या बायकोशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याच्या वादात त्यांची कसोटी लागली. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घुसवू नये, हे टिळकांचं म्हणणं; वरवर पाहिलं तर उदारमतवाद्याला शोभेल असंच. आगरकर मात्र कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. घर ही स्वातंत्र्याची जागा खरी, पण कोणाच्या? दहा-अकरा वर्षांच्या पोरीला इजा होत असेल तर मिलच्याच सूत्रानं सरकारला उंबरा ओलांडावा लागतो. मला आगरकरांचं बरोबर वाटतं, तेव्हाही आणि आजही.

पण घराच्या आतून, बाईच्या तोंडून हा प्रश्न बुलढाण्याला आधीच विचारून झाला होता. ताराबाई शिंदे तिथल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकुनी करणारे, सत्यशोधक समाजाचे. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी करण्यात आली. त्या निमित्तानं 'पुणे वैभव' या वृत्तपत्रानं समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाई भडकल्या आणि 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्याला छापून आलं. प्रती अवघ्या पाचशे.

मिलचं स्त्रियांच्या दास्यावरचं पुस्तक 1869 चं. तो वकिली थाटात, पायरी पायरीनं चढत जातो. ताराबाईंना त्याची गरज पडलेली दिसत नाही. बायकांच्या नावावर घातलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि पुरुषांच्या अंगणात नेऊन टाकतात. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी करायला मोकळा असलेला पुरुष आणि केस काढून कोपऱ्यात बसवलेली विधवा, हा न्याय कोणत्या देवाचा, असं त्या शास्त्रकारांना दरडावून विचारतात. सभेत टाळ्या घेणाऱ्या सुधारकांनाही सोडत नाहीत. भाषा चुलीजवळची, सरळ तोंडावर बोलणारी. इतका राग मराठी वैचारिक गद्यात तोवर कोणी आणला नव्हता. टीका इतकी झाली की फुल्यांना 1885 मध्ये 'सत्सार'च्या अंकात त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा छापलं नसतं, तर आपण आजही वऱ्हाडात विचारवंत नव्हते असंच म्हणत बसलो असतो.

अमरावतीचं थोडक्यात उरकतो. 1897 ची काँग्रेस तिथं भरली. तिथले वकील आर. एन. मुधोळकर 1912 मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सभ्य, अभ्यासू माणसं. अर्ज, ठराव आणि कायदेमंडळातल्या जागा हा त्यांचा मार्ग. पण त्यांच्या सभेचा आवाज वावरापर्यंत गेला नाही. 1943 च्या जानेवारीत पुण्यात याच मार्गाच्या न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रानड्यांना थोर म्हटलं आणि लिबरल पक्षाला संघटना उभारता आली नाही, यावर नेमकं बोट ठेवलं.

वावरापर्यंत हा विचार नेला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी, आगरकर-ताराबाईंनंतर शंभर वर्षांनी. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. आपली पऱ्हाटी, आपली मजुरी, पण कापूस सरकारलाच घालायचा. हद्दीपलीकडं जास्त भाव असला तरी गाडी नेणं गुन्हा. पिकवणाऱ्याला विकायची मोकळीक का नाही, हा प्रश्न अॅडम स्मिथचं नावही न ऐकलेल्या कास्तकाराला चटकन कळला. बाजार मोकळा झाला की सगळं सुरळीत होईल, हा जोशींचा विश्वास मला भाबडा वाटतो. ओलित नसलेल्या माणसाला मोकळा बाजारही सोलतो. पण 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवून ते थांबले नाहीत. पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून त्यांनी नवऱ्यांना सांगितलं, जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करा. तिचे श्रम त्या मातीत मिसळले आहेत, हा युक्तिवाद थेट लॉकचा. फक्त लॉकनं तो बाईसाठी केला नव्हता. कर्जमुक्तीच्या घोषणेला हात वर करणारे कितीतरी बाप्ये या मुद्द्यावर तलाठ्याकडं जायला मात्र काचकूच करत.