श्रमदानाचा हिशेब

सरकारने बांधलेला बंधारा सरकारचाच राहतो. तो फुटला तरी गाव सरकारचीच वाट पाहते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर हे परावलंबन मोडले. श्रमदानाने पाणी अडविले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य मानली आणि पावसाच्या मापावरून पिके ठरविली. हे यश घमेल्या-फावड्यापेक्षा स्वयंशिस्तीचे अधिक आहे.

परंतु कोठल्याही गावात एक प्रश्न उरतोच. श्रमदानात भूमिहीनाचा घाम सारखाच गळतो. पाणी मात्र जमीनवाल्याच्या विहिरीत उतरते! म्हणून लोकसहभाग म्हणजे केवळ राबणारे हात नव्हेत. ग्रामसभेत भूमिहीनाच्या शब्दालाही वजन हवे. ते नसेल, तर श्रमदान आणि वेठबिगार यांत अंतर ते काय उरले?