वनस्पतींची रसायनशाळा : उन्हात जागे होणारे विष

अंजिराचे पान खुडले की देठातून पांढरा चीक ओघळतो. तो हाताला लागला तरी लगेच काही होत नाही. माणूस दिवसभर उन्हात काम करून घरी येतो, जेवून झोपतो. एकदोन दिवसांनी त्याच जागी आग होते, कातडी लाल होते, फोड येतात. डाग तर महिनोन्‌महिने जात नाही. फलोद्यानाच्या पुस्तकांत पुरंदरच्या जोडीला दौलताबादच्या अंजिराचे नाव येते. या चिकाचे मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

दोष एकट्या चिकाचा नाही, एकट्या उन्हाचाही नाही. सुकत्या गवताला गोड वास देणारे द्रव्य म्हणजे कुमारिन. त्याच्या रेणूला फ्युरानचे आणखी एक कडे जडले की फ्युरानोकुमारिन तयार होते. चिकातली सोरॅलेन आणि बर्गाप्टेन ही द्रव्ये याच कुळातली. अंधारात ती गप्प असतात. उन्हातले ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले, की ती पेशीतल्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना धरून त्यांना एकमेकांशी टाचून टाकतात. पिकलेल्या अंजिराच्या गरात ती जवळपास नसतात, त्यामुळे खाणाऱ्याने घाबरायचे कारण नाही.

सोरॅलेनला नाव मिळाले ते बावचीमुळे. काळ्या रानात, बांधावर उगवणारे हे जांभळट फुलांचे झुडूप पूर्वी ‘सोरॅलिया’ या प्रजातीत मोडत असे. तिच्या बियांतून जोइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३मध्ये सोरॅलेन वेगळे केले. आयुर्वेद तिला बाकुची म्हणतो आणि कोडावर वापरतो. १९७४मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरॅलेन-वर्गातले औषध देऊन, मोजून अतिनील प्रकाश टाकून सोरायसिस आटोक्यात आणला. त्या उपचाराचे नाव पुवा. मोजून हा शब्द महत्त्वाचा. बावचीचे तेल चोपडून गच्चीवर बसणाऱ्याच्या उन्हाला मीटर नसतो. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या उन्हाला तर नाहीच नाही.

झाडाने हा खटाटोप अर्थातच आपल्यासाठी केलेला नाही. बुरशी आणि पाने कुरतडणारे किडे हे त्याचे खरे शत्रू. पण उन्हाशिवाय हे विष जागे होत नाही, म्हणून काही अळ्या पानाची सुरळी करून आत, सावलीत बसून खातात.

लिंबू फुलपाखराची अळी एवढीही तसदी घेत नाही. पैठणच्या मोसंबीवर ती उघड्यावर चरते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. लिंबू आणि बेल ही तिची आवडती झाडे मोसंबीच्याच कुळातली आहेत. बेलफळातले मार्मेलोसिनही फ्युरानोकुमारिनच. पण ही अळी बावचीवरही सापडते, आणि बावची पडली शेंगांच्या कुळातली, हरभऱ्या-तुरीची भाऊबंद! या दोन परक्या घरांना जोडणारा दुवा फ्युरानोकुमारिनचाच, असे मानले जाते. तिच्या अमेरिकी चुलतबहिणीच्या आतड्यात या विषाची मोडतोड करणारी विकरे सापडली आहेत. वेरूळला घृष्णेश्वराला वाहायला बेल तोडताना एखादे पान कडेने कुरतडलेले दिसले, तर ते उलटून पाहावे; खाणारी बहुधा तिथेच असेल.