मालिश : आधी निदान, मग दर

वांगणीसारख्या गावांतून माणसे कामाला भिवंडी-वसईला जातात. पाठ धरली की स्पाची पाटी खुणावते. दर मिनिटांवर तोला. समजा, ६० मिनिटांचे १२०० रुपये म्हणजे मिनिटाला २०. ४० मिनिटांचे १००० म्हणजे २५. कमी आकडाच महाग पडला! तेल, कर धरून किती ते विचारा, पावती मागा. ‘आत गेल्यावर सांगू’ म्हणाले तर परत फिरा.

ताप, ताजी दुखापत किंवा एकाच पोटरीला सूज असेल तर मालिश नकोच. रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. पाय बधिर झाले, लघवी अडली तर लगेच रुग्णालय गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय त्यातलेच. तिथे जाणे हा आपला हक्क आहे.

जय भीम!